शेवटची ओळ सूनबाईची

४ जानेवारी

वही सिस्टरनं सूनबाईला दिली. पण सूनबाईला बोलायला काही सुचत नाही आणि मला गप्प बसायला. तेव्हा असं ठरलं की सांगेन मी आणि लिहील ती. मला अक्षर येत नाही. लहानपणी बापानं एक पाटी आणली होती, ती आईनं दुसऱ्याच दिवशी मडक्यावर झाकण म्हणून घातली. तिथंच माझी शाळा संपली.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली. ती म्हणाली, रोज दोन ओळी लिहा, काय खाल्लं, कसं वाटतं, गोळी घेतली का. गोळी एचआयव्हीची. लिही गं, हात कशाला थांबला? आळीत बोलायचं नाही असं ठरलंय, वहीत लिहायचं नाही असं कुठं ठरलंय?

माझा लेक कामाला लांब जायचा. दोन वर्षांपूर्वी आला तो हे दुखणं घेऊन आला, बायकोला देऊन गेला आणि स्वतः मोकळा झाला. आळीला आम्ही सांगितलं, छातीत पाणी झालं होतं. मागच्या वर्षी सूनबाई अशी वाळली की दोरीवर कपड्यांच्या ओळीत टाकली असती तर कुणी ओळखली नसती. गोळ्या सुरू झाल्या आणि माणसात आली. आता मला उलट उत्तरंही देते, म्हणजे गुण आलाय.

बाटलीचा खुळखुळ आवाज होतो, म्हणून मी गोधडीतला कापूस काढून तिच्यात कोंबलाय. बाटली पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली. आमचं पीठ कधी डब्याच्या वर येत नाही, तेव्हा जपून हात घालावा लागतो.

एक नियम केलाय. शेवटची ओळ गोळीची. ती तिनं तिची लिहायची, मी सांगायची नाही, विचारायचीही नाही. सकाळी गिरणीचा साडेआठचा भोंगा झाला की ती तोंड फिरवून पाणी पिते. गोळी तिची, ओळ तिची.

आज शिट्टी आली होती. आमच्या आळीतलीच. पुढच्या दोन दातांत फट आहे, हसली की शिट्टी वाजते, म्हणून शिट्टी. एकटी राहते. दर महिन्याला धार लावायचा आमचा दगड मागून नेते आणि फडक्यात गुंडाळून परत आणते, जसा काही माहेरचा दागिना. मी म्हटलं, "अगं, दगड आहे तो, त्याला थंडी वाजते का?" ती हसली, शिट्टी वाजली. दगड सूनबाईच्याच हातात दिला. माझ्या हातात कधी देत नाही. माझे हात काय झडलेत?

गोळी घेतली. साडेआठ.


९ जानेवारी

आमची आळी लसूण सोलते. मुकादम सकाळी गोण्या टाकतो, संध्याकाळी सोललेल्या पाकळ्या तोलून नेतो. पंधरा बायका, पंधरा सुऱ्या. सगळ्या आपापल्या दारात बसतात. लसूण हातांना भाजतो. दुपारपर्यंत बोटांची टोकं लाल होतात, मग सालं सुटतात, मग सुरी लागते. प्रत्येकीच्या बोटाला चिंधी. बोटं झाकून बसलो तर आम्ही नव्या नवऱ्याच.

चिऊ माझी नात, पाच वर्षांची. तिला रोग नाही, तपासलंय. ती सालांचा ढीग करून त्यात झोपते. तिच्या अंगाचा इतका वास येतो की डाससुद्धा लांबून जातात. सूनबाईचं एकच म्हणणं, चिऊनं लसणाला हात लावायचा नाही, शाळेत जायचं. मी म्हटलं, "तोवर तू जगलीस तर." मस्करीत म्हटलं. ती हसली नाही. हे पण लिही, तू हसली नाहीस ते.

गोळी घेतली. साडेआठ.


१७ जानेवारी

शिट्टी आणि सूनबाई एकीला एक लागून बसतात आणि खुसुखुसु करतात. आळीत लिहिता-वाचता येणाऱ्या ह्या दोघीच. मुकादमाच्या चिठ्ठ्या सगळ्यांना त्याच वाचून दाखवतात. मी जवळ गेले की गप्प. मी म्हटलं, "माझी निंदा चालली असेल तर मोठ्यानं करा, मला कमी ऐकू येतं." शिट्टी म्हणाली, "आजी, तुमची निंदा करायला दिवस पुरत नाही, रविवारी बसतो." जिभेला हाड नाही पोरीच्या. मला आवडते, पण तिला सांगू नये.

आमची निळी पिशवी तिनं नेली होती. परत आली तेव्हा बंद तुटलेला. सूनबाईनं काळा बंद शिवला, आणि ती पुन्हा मागायला आली तर लगेच खुंटीवरून काढून दिली. मी मागितली असती तर आठ दिवस कुरकुरली असती.

गोळी घेतली. साडेआठ.


२७ जानेवारी

आज आळीवर संक्रांत आली. मुकादम सकाळी गोण्या न आणताच आला. हातात सोललेल्या लसणाची पिशवी. त्यात एक पाकळी लाल. म्हणाला, "मालकाच्या टेबलावर गेली ही. तुमच्या आळीत एक बाई त्या रोगाची आहे. दवाखान्यात त्या बाकड्यावर बसलेली पाहिलीय माझ्या माणसानं. तोंड झाकलेलं होतं. मांडीवर निळी पिशवी, काळ्या बंदाची. परवापर्यंत तुमचं तुम्ही निस्तरा. नाहीतर गोण्या पलीकडच्या आळीत."

पंधरा जणींच्या बोटांना चिंध्या, आणि रक्त म्हणे एकीचं. पण हे बोलणार कोण? सगळ्या एकमेकींच्या चिंध्यांकडे बघायला लागल्या.

कोपऱ्यावरची, जिच्या दाराशी गोण्या उतरतात आणि जी स्वतःला मुकादमाची बहीण समजते, ती म्हणाली, "निळी पिशवी मी पाहिलीय कुणाच्या तरी खुंटीला."

खुंटी आमची.

मी घरात येऊन सूनबाईला म्हटलं, "बाकड्यावर पिशवी घेऊन बसायची काय अक्कल?" ती म्हणाली, "आई, मी गेले नव्हते." मी म्हटलं, "माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस." मग ती पुढे काही बोलायला लागली, मी हात जोडले. ऐकलं की माणूस अडकतं. मला काही ऐकायचं नव्हतं, मला विचार करायचा होता.

गोळी घेतली. साडेआठ.


२८ जानेवारी

सूनबाई आज लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, वही तुझी असली तरी दिवस माझा आहे, लिही.

सकाळी सगळ्या नळावर जमल्या. कोपऱ्यावरचीनं तोंड उघडायच्या आत मी उघडलं. म्हटलं, "निळी पिशवी आमचीच आहे. पण ती शिट्टी मागून नेते. दर महिन्याला नेते. विचारा तिला कुठं नेते ते."

बस, एवढंच. मला वाटलं होतं पुष्कळ बोलावं लागेल. काही लागलं नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. ज्यांच्या घरात वाळलेलं माणूस आहे त्यांनी जास्त मोठ्यानं सोडला. शिट्टीनं माझ्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या देईल, म्हणेल म्हातारी खोटारडी आहे. खोटा आळ आला तर माणूस ओरडतं. हिची वाचाच बसली. मला तेवढं विचित्र वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. तिची घमेली नाल्यात. तिची सुरी नाल्यात. तिच्या उरलेल्या गोणीला कुणी हात लावेना, म्हणून पायानं ढकलत आळीच्या बाहेर. कोपऱ्यावरचीनं चुन्याचं पोतं आणलं, ती बसायची त्या जागेवर टाकायला, रोग मरावा म्हणून. शिट्टी त्या जागेवर जाऊन बसली, उठेना. सगळ्या चुन्याकडे बघत उभ्या, पहिली मूठ कुणी टाकेना. तेव्हा मी टाकली.

हे पण लिही. पहिली मूठ माझी. त्यानंतर आमच्या दाराकडे कुणी मान वर करून बघणार नाही, हे मला कळत होतं. बाकीच्यांच्या मुठी मग पटापट आल्या. थोडा तिच्या डोळ्यांत गेला वाटतं. डोळे धरून गेली.

सूनबाई दारात बसून होती. मागचा उरलेला लसूण सोलत होती. एक शब्द बोलली नाही, ते बरं केलं. नंतर बघते तर डोळ्यांतून पाणी. म्हणाली, लसणानं. मी म्हटलं, "लसणानं पाणी येतं होय? कांदा आहे का तो?"

तुझ्यासाठी केलं बाई. माझं काय, मी आज आहे, उद्या नाही.

गोळी घेतली. साडेआठ.


४ फेब्रुवारी

गोण्या परत आल्या. एक वाढवून आल्या. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी खमकी आहे." ह्या वयात कुणी खमकी म्हणालं की बरं वाटतं.

दुपारी मी चिऊला घेऊन आळीच्या तोंडाशी बसले होते. शिट्टी आली. एका डोळ्यावर पट्टी, हातात आमचा धारेचा दगड, तसाच फडक्यात गुंडाळलेला. आतल्या फडक्याला गाठ मारलेली. म्हणाली, "आजी, दगड परत द्यायचाय. सूनबाईच्या हातात देते आणि जाते. आत येत नाही, तिला इथं बोलवा."

मागून कोपऱ्यावरची बघत होती. मी काय करणार? मी म्हटलं, "ठेव तुझ्याच छातीवर तो दगड. तुझा हात लागलेली वस्तू आमच्या घरात नको."

ती म्हणाली, "आजी, ऐका माझं. दगड घ्या. दगडासाठी तरी घ्या."

काय हट्ट म्हणावा! मी पायातली चप्पल काढून दाखवली. तिनं आळीत आत पाहिलं. सूनबाई दारात उभी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि शिट्टी गेली. दगड घेऊनच गेली. चांगला दगड होता. आता सुऱ्या बोथट राहणार.

गोळी घेतली. साडेआठ. शेवटची.


५ फेब्रुवारी

आज काही विशेष नाही. चिऊनं माझी नक्कल केली, चप्पल हातात घेऊन. सगळ्या पोटभर हसल्या.

गोळी नाही.


१२ फेब्रुवारी

खायला दोन वेळचं आहे. पीठ डब्याच्या वर आलंय, आता डब्यात हात घालायची भीती नाही. घरात मी, सून, नात, तिघींचं पोट भरतंय आणि आळीत मान आहे. आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं आणि चाललं.

सूनबाई मात्र तोंड पाडून. साडेआठला पाणी पिते, पण वळून बघत नाही. मी नियमाप्रमाणे विचारत नाही. मुकादमानं नवीन नियम केलाय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जी जागेवर नसेल तिची गोणी दुसरीला. दवाखान्याच्या वेळा पण त्याच. म्हणजे आता हिला गोळ्या आणायला जायला चांगलं निमित्त शोधावं लागेल. शोधेल, हुशार आहे.

गोळी नाही.


३ मार्च

सूनबाई आज सकाळी निघाली. मला म्हणाली, "चिऊच्या शाळेची चौकशी करून येते." नळाच्या पुढे गेली नसेल तोच कोपऱ्यावरची मागे. "कुठं गं? मी पण येते. शाळा कुठली? दवाखान्यावरूनच रस्ता आहे ना तिचा?" सूनबाई तिथूनच फिरली. येऊन सुरी हातात घेतली.

मी म्हटलं, "शहाणी गं माझी. शाळा कुठं पळून जातेय?"

मग मी हळूच म्हटलं, "बाटली संपायच्या आत जाऊन ये म्हणजे झालं." ती म्हणाली, "हो." माझ्याकडे अशी बघत होती की जसं मी परक्या भाषेत बोलतेय.

गोळी नाही. चुन्याच्या दिवशी मी गप्प बसले होते.


२६ मार्च

सूनबाई बारीक व्हायला लागली. मी म्हटलं, "नखरे नकोत, पुन्हा दोरीवर वाळत घालावी लागेल." तिच्या तोंडात पांढरं आलंय, घास गिळताना डोळे मिटते. मी मऊ करून देते, तर ते चिऊला भरवते. मी म्हटलं, "पोरीला दात आहेत, तुझे कुठं गेले?"

बोथट सुरीनं आज तिचं बोट कापलं. तिनं बोट झटकन तोंडात घातलं आणि लसणाची पूर्ण परात नाल्यात ओतली. दिवसभराचं काम. मी कपाळाला हात लावला. रक्त कुठं दिसत होतं? इतरजणी चिंधी बांधून पुढे सोलतात.

आळीत शिट्टीचं कुणी नाव काढत नाही. एकदा मला ऐकू आलं, मुकादम वाचून दाखवताना तोल कमी सांगतो. पण वाचणारी एक हाकललेली आणि दुसरी खोकणारी. सांगणार कोण?

गोळी नाही.


१९ एप्रिल

खोकला जात नाही. अंग तव्यासारखं. मी आळीला सांगितलं, सालांची धूळ गेली छातीत. आळीनं मान हलवली. अशी मान मी ओळखते, लेकाच्या वेळी हीच होती.

मी आज नियम मोडला. विचारलं, "गोळी घेतेस ना?" ती म्हणाली, "रोज लिहिते ना मी?" मी म्हटलं, "लिहितेस खरं." मला समाधान वाटलं. मी म्हणते, मग ह्या गोळ्यांचा जोर कमी झाला असेल. सरकारी वस्तू, तिचा काय भरवसा.

गोळी नाही.


२१ मे

सूनबाईचा हात थरथरतो. एक ओळ लिहायला इतका वेळ लागतो की मी काय सांगितलं ते मीच विसरते. म्हणून थोडंच.

मी म्हटलं, आता झालं ते झालं, दवाखान्यात चल, आळी गेली खड्ड्यात. ती म्हणाली, "गोणी जाईल. चिऊ काय खाईल?" मग म्हणाली, "आणि तिथं त्या बाकड्यावर ती असेल." मी म्हटलं, "कोण ती?" तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मी दोन दिवस थांबते म्हटलं. मी थांबले.

गोळी नाही.


२ जून

आज मलाच सांगायला सुचत नाही. ती मला म्हणते, बोला, मी लिहिते. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणते, शेवटची ओळ तरी

गोळी ना


७ जून

हे सिस्टरच्या हातचं आहे. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. चिऊ मांडीवर झोपलीय.

सूनबाईला काल आणलं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर घालून आणलं, कारण आळीतलं कुणी हात लावायला आलं नाही. कोपऱ्यावरचीनं दार लावून घेतलं. मी एका बाजूनं ढकलत होते आणि तिचं डोकं गाडीच्या लाकडावर आपटत होतं, आणि ती मला म्हणत होती, "आई, दमलात, बसा जरा."

सिस्टरनं विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? मी म्हटलं, एक दिवस बंद नाही, वहीत आहे बघा, रोज लिहिते. छातीवर हात ठेवून सांगितलं. वही मीच पुढे केली.

सिस्टरनं वही उघडली. शेवटच्या ओळी वाचल्या. मोठ्यानं वाचल्या, माझ्या सांगण्यावरून. पहिल्या थोड्या ठीक. मग, गोळी नाही. गोळी नाही. गोळी नाही. मी म्हटलं, पुरे. त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचल्या. मला वाटतं, त्यांना राग आला होता.

मी म्हटलं, पण ती महिन्याच्या महिन्याला येत होती ना न्यायला? सिस्टर म्हणाल्या, वर्षभरात तुमची सून चारदाच आली. काम बुडू नये म्हणून दोघींनी आळीपाळी लावली होती, एक महिना ही, एक महिना ती. नंतर नंतर ती दुसरीच यायची, कारण ती एकटी होती, तिला विचारणारं कुणी नव्हतं. दोघींची कार्डं घेऊन यायची, दोन बाटल्या न्यायची.

मी विचारलं, कोण ती? विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "दातांत फट आहे ती."

त्या दिवशी नळावर मी खोटं बोलायला गेले होते. आणि खरं बोलून बसले.

सिस्टर विचारताहेत, शेवटच्या ओळीत काय लिहू. मी म्हटलं, ती ओळ तिची आहे. मोकळी सोडा.


 
२५ जून

सूनबाई अकरा तारखेला सकाळी गेली. भोंगा व्हायचा होता.

आज मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेय, त्याच. हे लिहिणारी शिट्टी आहे. मी तीन दिवस सकाळपासून इथं येऊन बसत होते, चिऊला घेऊन, ती कधी येईल म्हणून. आज आली. तिच्या डाव्या डोळ्यात चुन्यानं फूल पडलंय. वहीवर मान तिरकी करून लिहितेय. मी म्हटलं, "माझं थोडं लिहून देशील?" तिनं माझ्याकडे बघितलं, एका डोळ्यानं. मग म्हणाली, "बोला."

तर लिही.

सूनबाईला स्मशानात नेऊन आलो त्या संध्याकाळी आमच्या दारात चुना पडलेला होता. उंबऱ्याच्या आत, चुलीपर्यंत. पहिली मूठ कुणाची ते मला माहीत नाही, मी नव्हते. आमच्या जागेवर दुसरीची गोणी होती. चिऊ नळावर गेली तर एकीनं तिचा तांब्या पायानं उडवला. चिऊनं मला विचारलं, "आजी, आता कुणावर ओरडायचं?" नक्कल करायला तिला कुणी उरलं नाही. आम्ही आता पुलाखालच्या खोलीत राहतो, तिथं कुणी आम्हाला ओळखत नाही. म्हणून चांगलं आहे.

मी शिट्टीला विचारलं, "त्या दिवशी, दगडाच्या दिवशी, फडक्यात बाटली होती का?"

ती म्हणाली, "होती. दगडाबरोबर बांधली होती. गाठ बघितलीत ना तुम्ही?"

बघितली होती. वहीत लिहून घेतलंय मी, गाठ होती म्हणून.

मी म्हटलं, "मग ओरडून का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "आजी, मागे कोपऱ्यावरची उभी होती. ओरडले असते तर तुमच्या सुनेचं नाव घ्यावं लागलं असतं."

मी म्हटलं, "आणि नळावर? तेव्हा तरी म्हणायचंस, हिची सून पण आहे."

ती हसली. शिट्टी वाजली नाही. पुढचा दात पडलाय. म्हणाली, "म्हटलं असतं तर त्या दिवशी दोघी गेलो असतो. तुमची सून वाचली तर माझी पण गोळी कुणीतरी आणेल, असं वाटलं."

मग मी तिला म्हटलं, "मला माफ कर असं मी म्हणणार नाही. ह्या वयात असलं काही मागितलं तर लोक देऊन टाकतात, भीक घातल्यासारखं. तसं नको. फक्त ह्या वहीचा एक नियम आहे. शेवटची ओळ लिहिणारीची. मी सांगत नाही, विचारत नाही, वाचून दाखवायची नाही. तुला हवं ते लिही आणि वही मिट. चिऊ मोठी होईल, शाळेत जाईल, ती वाचेल."

ती लिहितेय. बराच वेळ लिहितेय. मला दिसतंय, अक्षरं ठळक काढतेय.

आजीनं सांगितलं तसं सगळं लिहिलं. चिऊ, तुझी आई चांगली होती, ती गप्प बसली. तुझ्या आजीला मी माफ केलेलं नाही. गोळी घेतली. साडेआठ.